बैलाचा पाय, आईचा गुडघा आणि मूळपेशींचे इंजेक्शन

गेल्या महिन्यात मोहोळ तालुक्यातील एक शेतकरी आपल्या आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आले होते. आजींचे वय सत्तरीच्या पुढे. दोन्ही गुडघे झिजलेले, पाय धनुष्यासारखे वाकलेले. तपासणी झाली, क्ष-किरण फोटो पाहून झाला, औषध लिहून दिले. तरी गृहस्थ उठेनात. शेवटी त्यांनी पिशवीतून घडी घातलेले एक छापील पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. मूळपेशींच्या इंजेक्शनने गुडघे पुन्हा तरुण होतात, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता.

"डॉक्टरसाहेब, हे खरं हाय का? अन् खरं असंल तर बैलाला चालंल का?"

त्यांचा खिलार बैल शर्यतीत पळताना पुढच्या पायाने अधू झाला होता. परदेशात घोड्यांना हेच इंजेक्शन देतात, असे कोणी तरी त्यांना सांगितले होते. अर्धा एकर विकायची त्यांची तयारी होती. पण त्या पैशात दोघांपैकी एकाचेच भागणार होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी म्हणाल्या, "आधी बैलाचं बग बाबा. माझं काय, आज हाय उद्या न्हाई."

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणसाचा डॉक्टर बैलाविषयी काय सांगणार, असे म्हणून मी तो टाळूही शकलो असतो. परंतु मूळपेशींच्या बाबतीत माणूस आणि जनावर यांची गोष्ट पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेली आहे. म्हणून एका पशुवैद्य मित्राशी बसून बोललो, थोडे वाचन केले, आणि आज त्याविषयी लिहीत आहे.

प्रथम मूळपेशी म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्यांतील बहुतेक पेशींची कामे ठरून गेलेली असतात. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी पेशी प्राणवायू वाहते. काही थोड्या पेशी मात्र बियाण्यासारख्या राखून ठेवलेल्या असतात. त्या स्वतःसारख्या पेशी निर्माण करतात आणि गरजेप्रमाणे त्यांतून निरनिराळ्या कामांच्या पेशी तयार होतात. यांना मूळपेशी किंवा इंग्रजी नावाने स्टेम सेल म्हणतात. हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात. चरबीत आणि नाळेच्या रक्तातही निरनिराळ्या प्रकारच्या मूळपेशी मिळतात.

या पेशींचा सर्वांत खात्रीचा उपयोग म्हणजे अस्थिमज्जा रोपण. रक्ताच्या कर्करोगासारख्या काही आजारांत रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा नष्ट करून दुसऱ्याची निरोगी मज्जा देतात. हा उपचार माणसाला कोणी मिळवून दिला? शास्त्रज्ञांनी, हे खरेच. पण त्यांच्या बरोबरीने कुत्र्यांनी. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५० च्या दशकात माणसांवर रोपणाचे पहिले प्रयत्न केले. बहुतेक रुग्ण दगावले. पुष्कळ संशोधकांनी हा नाद सोडून दिला. थॉमस कुत्र्यांकडे वळले. कोणत्या भावंडाची मज्जा कोणाला जुळते, नवी मज्जा यजमानाच्या शरीरावरच उलटते तेव्हा काय करावे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांवर तपासून पाहिले आणि मगच ते पुन्हा माणसांकडे आले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण केले. आज रोपण होऊन घरी परतणारे प्रत्येक मूल त्या मुक्या जिवांचे ऋणी आहे.

हे सांगायचे कारण असे की, मूळपेशींच्या उपचारात यश आलेच नाही असा माझा सूर नाही. यश आले आहे. ते ज्या वाटेने आले, ती वाट महत्त्वाची आहे. तिला वीस-पंचवीस वर्षे लागली.

आता घोड्यांकडे वळू. शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायात मागील बाजूला एक जाड कंडरा असते. स्नायूला हाडाशी बांधणारी ही दोरीच म्हणा. भरधाव धावताना ती शक्तीच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणली जाते आणि तिच्यातील धागे तुटतात. जखम भरते खरी. पण भरते ती वणाने. तुटलेल्या दोराला गाठ मारावी तसा तो भाग ताठर होतो आणि घोडा पुन्हा पळू लागला की तेथेच दुखापत होते. इंग्लंडमधील पशुवैद्यांनी घोड्याच्या छातीच्या हाडातून मज्जा काढली, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि सोनोग्राफीच्या साह्याने नेमक्या जखमेत सोडल्या. असे उपचार केलेल्या शर्यतीच्या ११३ घोड्यांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के आढळले. इतर उपचारांच्या पूर्वीच्या नोंदींशी तुलना करता हे प्रमाण बरेच कमी होते.

बातमी चांगली आहे. परंतु त्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, त्या पत्रकावर कोणी छापत नाही. एक म्हणजे, ही तुलना जुन्या नोंदींशी होती. त्याच वेळी, त्याच तबेल्यांतील, पेशी न दिलेल्या घोड्यांशी नव्हती. दुसरी म्हणजे, या घोड्यांना नुसते इंजेक्शन देऊन सोडले नव्हते. जवळजवळ वर्षभर ठरवून दिलेली विश्रांती आणि पायरी-पायरीने वाढवलेला व्यायाम त्यांना होता. मग गुण पेशींचा किती आणि विश्रांतीचा किती? आपला शेतकरी हस्ताच्या पेरणीच्या तोंडावर बैलाला वर्षभर बांधून ठेवू शकेल काय?

पुढे २०१९ साली युरोपात घोड्याच्या सांधेदुखीसाठी मूळपेशींच्या औषधाला प्रथमच रीतसर परवानगी मिळाली. ते सौम्य ते मध्यम लंगडण्यासाठी आहे. कोणत्याही लंगडेपणावर, कोणत्याही जनावराला द्यावे असे नाही. शिवाय या संशोधनाचा मोठा भाग घोडा आणि कुत्रा यांच्यावर झालेला आहे. कारण उघड आहे. शर्यतीच्या घोड्यामागे पैसा असतो आणि घरच्या कुत्र्यामागे माया असते. आमच्या खिलारासाठी कोणी एवढा खटाटोप केलेला नाही.

येथे एका समजुतीची तपासणी केली पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, "माणसाला वाटतं म्हणून बरं वाटतं, पण जनावराला कुठं कळतं इंजेक्शन काय होतं ते? जनावर सुधारलं म्हणजे औषध खरंच." मलाही हे पटत असे. परंतु अमेरिकेत लंगडणाऱ्या कुत्र्यांवर झालेली एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि तिने ही समजूत मोडीत काढली. संधिवात झालेल्या ज्या कुत्र्यांना औषध म्हणून निव्वळ बिनऔषधी गोळी दिली होती, त्यांच्या पायाचा भार जमिनीवर किती पडतो, हे यंत्राने मोजले आणि मालकाला व पशुवैद्यालाही विचारले. यंत्र म्हणत होते, फरक नाही. तरीही निम्म्याहून अधिक वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. पशुवैद्यांचीही दहांपैकी चार वेळा तशीच फसगत झाली. जनावर फसत नसेल. पण त्याच्याकडे पाहणारा डोळा फसतो.

यावर माझी स्वतःची गोष्ट सांगतो. आमच्या घरी एक म्हातारा कुत्रा होता. जिना चढताना तो थांबू लागला, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून मी त्याला सांध्यांची एक महागडी पावडर सुरू केली. पंधरा दिवसांत मी घरात सर्वांना सांगू लागलो की, आता बघा कसा चढतो! पशुवैद्य मित्राने एकच प्रश्न विचारला, "आधी किती पायऱ्यांवर थांबायचा आणि आता किती पायऱ्यांवर थांबतो?" मला उत्तर देता आले नाही. मी मोजलेच नव्हते. रोज रुग्णांना पुरावा विचारणारा मी, मायेपोटी एका कुत्र्याच्या बाबतीत पुरावा विचारायला विसरलो. मग अर्धा एकर विकून आलेल्या मुलाला आईचे गुडघे सुधारल्यासारखे वाटले, तर त्यात नवल ते काय? पैसा जितका मोठा, तितकी गुण आल्याचे पाहण्याची इच्छाही मोठी.

आता माणसाच्या गुडघ्याचे पाहू. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत साडेचारशेहून अधिक रुग्णांना तीन निरनिराळ्या प्रकारची पेशींची इंजेक्शने अथवा साधे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले गेले. २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर पेशींचे एकही इंजेक्शन साध्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरले नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा नव्यासारखी उगवते, या म्हणण्याला बळकट आधार नाही. शास्त्रज्ञांचे स्वतःचे मतही बदलत गेले आहे. अस्थिमज्जा आणि चरबीतील या पेशींना 'मूळपेशी' हे नाव रूढ करणारे डॉ. अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली हे नाव बदलावे असे लिहिले. कारण या पेशी बहुधा स्वतः नवे अवयव बनवत नाहीत. त्या काही रसायने सोडून आजूबाजूच्या पेशींना इशारे देतात, सूज कमी करतात. म्हणजे पेरलेले बी उगवते असे नाही; ते मुकादमासारखे इतरांना कामाला लावते, आणि काही काळाने निघून जाते. मुकादमाचा उपयोग असतो. पण शेतात मजूरच उरले नसतील तर तो तरी काय करणार?

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. गुडघ्याच्या झिजेसाठी मूळपेशींच्या एका भारतीय औषधाला आपल्या औषध नियंत्रकांनी २०२२ साली मान्यता दिली आहे. ते ठरावीक प्रतीचे, ठरावीक मात्रेचे औषध आहे आणि झीज मधल्या टप्प्यात असलेल्यांसाठी आहे. आमच्या या आजींसारखे पाय वाकून गेलेल्यांसाठी ते नाही. परंतु अशी तपासलेली कुपी वेगळी. आणि तुमच्याच पोटाची चरबी काढून, खोलीच्या मागे जाऊन, दोन तासांत ती गुडघ्यात टोचणे वेगळे. पत्रकवाले या दोहोंतील रेषा पुसून टाकतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, सिद्ध झालेले उपयोग सोडल्यास रुग्णावर मूळपेशी वापरायच्या त्या मंजुरी घेतलेल्या चाचणीतच. 'संशोधन चालू आहे' असे एका तोंडाने म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने लाखांचे बिल द्यायचे, हे संशोधनात बसत नाही.

हे मार्गदर्शन माणसांपुरते आहे. जनावरांचे काय? तेथे मालकाची भाबडी आशा आणि विकणाऱ्याची जीभ यांच्यामध्ये उभा राहणारा भक्कम नियम हवा. जनावराचे औषध म्हणून ढिलाई केली की काय होते, ते आपण एकदा भोगले आहे. गुरांना सर्रास टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे देशभरातून दिसेनाशी झाली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. मूळपेशींनी गिधाडे मरतील असे मी म्हणत नाही. जनावराच्या अंगात काय टोचले जाते, याची विचारपूस कोणी तरी वेळीच केली पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

मग हे संशोधन बंद करावे काय? मुळीच नाही. उलट ते आपल्याकडे, आपल्या जनावरांसाठी, उघड्यावर आणि मोजून व्हावे. आपल्या देशाला हे जमत नाही असे नाही. हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०१० साली 'गरिमा-२' ही म्हशीची रेडी भ्रूणाच्या मूळपेशीपासून क्लोनिंगने जन्माला आली, आणि २०१३ साली तिला 'महिमा' नावाची रेडी झाली. सोलापूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. १९८६ साली ते स्थापन झाले तेच मुळी प्राण्यांच्या पेशी व ऊती वाढवण्याची राष्ट्रीय सुविधा म्हणून. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परळला १८८६ सालचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पंढरपुरी म्हैस आणि खिलार बैल ही आपल्या मातीची धने आहेत. अधू झालेले काही खिलार घ्यावेत. निम्म्यांना पेशी द्याव्यात, निम्म्यांना साधे खारे पाणी. विश्रांती दोघांनाही सारखीच. कोणाला काय दिले हे मालकाला आणि तपासणाऱ्यालाही कळू देऊ नये, आणि वर्षाने पाऊल मोजावे. निष्कर्ष काहीही निघो, तो गावोगावी सांगावा. सरकारी पैशातून हे व्हायला हवे, कारण शेतकऱ्याच्या बैलात कोणा कंपनीला फायदा दिसणार नाही.

तोवर काय करावे? माझ्या पशुवैद्य मित्राचे म्हणणे असे की, लंगडणाऱ्या दहा बैलांना दहा वेगळी कारणे असतात. खुरात खिळा किंवा काटा असतो, पत्री चुकीची बसलेली असते, लाळ्या-खुरकुतीनंतर खुरे बिघडलेली असतात. मागच्या पायाची वाटी वर अडकून बैल पाय ओढत असेल, तर एक छोटा बंध कापण्याच्या साध्या शस्त्रक्रियेने तो बहुधा तिथल्या तिथे चालू लागतो. गुडघ्यावर मोठी सूज असेल तर सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूंचीही शंका घ्यावी लागते, आणि तो आजार धार काढणाऱ्या माणसालाही होतो. या साऱ्यांत मूळपेशींचा काही संबंध नाही. आधी कारण शोधावे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ या क्रमांकावर फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते.

आणि माणसासाठी असो वा जनावरासाठी, कोणी मूळपेशींचे इंजेक्शन सुचवले तर चार प्रश्न अवश्य विचारा. या औषधाचे नाव काय आणि त्याला मंजुरी कोणी दिली? माझ्या आजाराच्या याच टप्प्यासाठी ती मंजुरी आहे काय? हे न देता नुसती विश्रांती, व्यायाम किंवा साधे औषध दिले तर किती फरक पडतो? आणि गुण आला की नाही हे कोण, कशाने मोजणार? उत्तरे लेखी मागा. लेखी द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून पाय काढता घ्या.

त्या शेतकऱ्यांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. बैलाच्या पायाची कंडराच दुखावली होती. पशुवैद्यांनी सहा महिने पूर्ण विश्रांती सांगितली आणि शर्यत कायमची बंद. पुढे हलके काम तो करील, असे त्यांचे मत आहे. मालकाला हे ऐकून वाईट वाटले, पण त्यांनी ते मानले. आजींना मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, हातात काठी आणि घरात उंच बैठकीचा संडास एवढे सुचवले आहे. एवढ्याने भागले नाही तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हा जुना, तपासलेला मार्ग आहे. त्यासाठी काय सवलत मिळते याची चौकशी मी करतो आहे.

अर्धा एकर मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे. परवा आजी तपासणीला आल्या तेव्हा मी विचारले, "गुडघे कसे आहेत?" म्हणाल्या, "जरा बरं वाटतंय." मी त्यांना दवाखान्याच्या ओसरीवर चालायला लावले आणि घड्याळ काढले. मागच्या वेळेपेक्षा चार सेकंद कमी लागले. फार नाही. पण या वेळी मी मोजले होते.